आठ दिवसांचा अमोनिया

सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कोनमापक असायचा. शाळकरी पोरांच्या कंपासपेटीत असतो तसला, अर्धगोल, प्लास्टिकचा. वापरून वापरून त्याच्यावरचे आकडे पुसून गेले होते, पण सरांचं त्यावाचून काही अडत नसे. कडेच्या खाचांवरून नख फिरवत ते अंश मोजायचे. कँटीनच्या किटलीची चोच, कॉलेजच्या गेटचा कललेला खांब, प्राचार्यांच्या खुर्चीची पाठ, असं काहीही त्यांना मोजायला चालायचं. मी पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये शिरून सगळ्यांना वाकून नमस्कार केला, तर हे जागचे उठले, माझ्या कंबरेशी कोनमापक लावला आणि म्हणाले, "पस्तीस अंश. म्हंजे तासिकेवाले आहेत. कायम झालेला माणूस पाचाच्या वर वाकत नाही."

सगळे हसले. मीही हसलो, कारण तासिका तत्त्वावर असलेल्या माणसानं सगळ्यांबरोबर हसायचं असतं. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण शिक्षक आहोत की नाही हे आपल्यालाच ठाऊक नसणं, अशी ती नोकरी. घरचे सगळे बिडकीनकडचे, शेतीवाले. दर रविवारी बाबांचा फोन यायचा आणि "जेवलास का" याच्याही आधी प्रश्न यायचा, "परमनंट झाला का?" दोन स्थळं याच प्रश्नावर परत गेली होती. सर त्या वर्षअखेरीला निवृत्त होणार होते आणि त्यांचीच जागा भरायची होती. त्यासाठी डेमो म्हणजे परीक्षकांसमोर एक तास शिकवून दाखवायचं होतं, आणि मग विभागप्रमुख म्हणून सरांचा लेखी अभिप्राय. थोडक्यात, माझी नोकरी, माझं लग्न आणि बाबांचा रविवार हे सगळं या कोनमापकवाल्या माणसाच्या हातात होतं.

मला त्याची काळजी नव्हती. कारण मला एमएस्सीला सुवर्णपदक होतं. हे मी पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये तीनदा, ग्रंथालयात एकदा आणि झेरॉक्सच्या दुकानात एकदा सांगितलं होतं. सरांनी ते ऐकून मला नावच ठेवलं. "या मेडल, बसा मेडल, चहा घेता का मेडल?" मला सुरुवातीला वाटलं, हा आदर आहे.

सर अकरावीला रेणूंचे आकार शिकवायचे. माझ्या मते हा दोन तासांचा भाग. मिथेनचा कोन एकशे साडेनऊ, अमोनियाचा एकशे सात, पाण्याचा एकशे साडेचार, लिहून घ्या, पाठ करा, पुढचा धडा. सर त्याला दीड महिना लावायचे. त्यांच्या वर्गात आकडा उच्चारायला बंदी होती. कुणी हात वर करून "सर, एकशे साडेचार" म्हणालाच, तर सर त्याच्याकडे दयेनं बघायचे. "आकडा म्हंजे पत्ता रे बाबा. पत्ता पाठ झाला, म्हणून काय त्या घरी जेवून आलास का?"

मग परीक्षा कशी घ्यायचे? तर पोराला समोर बोलवायचं. दोन्ही कोपरं टेबलावर एकमेकांना चिकटवून टेकवायची, हात वर जोडायचे आणि डोळे मिटायचे. सर म्हणायचे, "पाणी." पोरानं हात हळूहळू उघडायचे आणि बरोबर वाटेल तिथं थांबायचं. मग सर कोपराशी कोनमापक लावून नख फिरवायचे. "अठ्ठ्याण्णव. लई भित्रं पाणी आहे तुझं. घाबरू नको, उघड अजून." मी हे दारातून बघितलं आणि मनात म्हणालो, या माणसाच्या जागेवर मी येणं ही समाजाचीच गरज आहे.

पण त्यांच्या सगळ्या खुळांत मोठं होतं ते पाहुण्यांचं. सरांकडे रेणूंचे नमुने होते, सगळे घरी केलेले. पोळपाट-लाटणी करणाऱ्याकडून लाकडी गोळे कातून घ्यायचे, गेटच्या उरलेल्या ऑइलपेंटनं रंगवायचे आणि सायकलच्या स्पोकनं जोडायचे. भोकं मात्र वाळूजच्या एका टूलरूममधला त्यांचा जुना विद्यार्थी पाडून द्यायचा, आणि तो कोनात अर्ध्या अंशाचीही चूक करत नसे. हे नमुने सर कपाटात ठेवत नसत. प्रत्येक पोराला एकेक रेणू आठ दिवस घरी पाहुणा म्हणून द्यायचे. अट एकच, त्याला घरात जातायेता दिसेल असा ठेवायचा. परत आणताना आकडा सांगायचा नाही, पाहुणा घरात कसा बसला ते सांगायचं.

एक मुलगी मिथेन परत घेऊन आली आणि म्हणाली, "सर, ह्याला कसा पण फेका, तसाच बसतो. तीन पाय खाली, एक वर. ह्याला उलटा करताच येत नाय." सरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला डब्यातलं आख्खं सीताफळ दिलं. दुसऱ्या एकाची तक्रार होती की कार्बन डायऑक्साइड कपाटावरून रात्रंदिवस घरंगळतो. "सरळ माणसाचं असंच असतं," सर म्हणाले. "भिंतीला टेकवून ठेव."

त्यातला एक जण बारावीला रसायनशास्त्रातच नापास झाला होता. पुढं माझ्या स्कूटरचं स्टँड तुटलं तेव्हा तो मला बजाजनगरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात भेटला. सळई नुसत्या नजरेनं वाकवून त्यानं माझ्यासमोर धरली. "बघा सर, पान्याचा कोन हाय. एकशे चार." मी गंमत म्हणून घरी जाऊन मोजला. एकशे पाच होता. मला फार बरं वाटलं, कारण तो एका अंशानं चुकला होता. सुवर्णपदकवाला माणूस कशाकशानं सुखावतो बघा.

डेमोच्या आठ दिवस आधी सरांनी मला बोलावलं आणि माझ्यापुढे अमोनिया ठेवला.

"हा तुमचा पाहुणा, मेडल. डेमोत हेच शिकवा."

"सर, मला कशाला? मला येतं."

"म्हणून तर. येणाऱ्याच्या घरी पाहुणा जास्त अवघडतो."

नायट्रोजनचा निळा गोळा, त्याला खाली झुकलेले हायड्रोजनचे तीन पांढरे. आणि वर, चौथ्या स्पोकवर, पिवळ्या कापडाची कापूस भरलेली फुगीर पोटली. नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. तिला दुसऱ्या बाजूनं धरणारा कोणताही अणू नसतो, म्हणून तिला एकाकी जोडी म्हणतात. ती पोटली म्हणजे ही जोडी. पोटलीला डांबराच्या गोळीचा वास येत होता. "ही घरच्यांनी शिवलीय," सर म्हणाले. "गोळे हरवले तर चालतील, पोटली सांभाळा." मी हो म्हणालो. काय ऐकलं ते मला तेव्हा विचारलं असतं, तर "गोळे" एवढंच सांगता आलं असतं.

मी गारखेड्यात एका खोलीत भाड्यानं राहत होतो. शेअर रिक्षात मांडीवर अमोनिया घेऊन बसलो, तर शेजारच्या बाईंनी खेळणं समजून विचारलं, "केवढं हाय बाळ?" मी अविवाहित माणूस, खिडकीबाहेर बघत बसलो. खोलीवर येऊन मी तो खिडकीत ठेवला. खिडकीसमोर घरमालकांचं दार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक माझ्या दारात. "सर, ते खिडकीत काय मांडलंय?"

"रेणू आहे. अमोनिया."

"निळा गोळा, पिवळी पोटली, अन् वास कसला येतोय? लिंबू तेवढं राह्यलंय. करणी-बिरणीचं तर नाय ना काही? घरात लेकरं हायेत माझ्या."

"अहो काका, ती इलेक्ट्रॉनची जोडी आहे."

"कुणाची जोडी? कुठंय?"

"ती दिसत नसते."

"दिसत नाय? मग करती काय?"

"ढकलते," मी म्हणालो.

घरमालक दोन पावलं मागं सरकले. "हे बघा सर, तुम्ही शिकले-सवरलेले. पण दिसत नाय अन् ढकलती, असलं काही मला घरात नको. उद्याच्याला नाय दिसलं पायजे."

वास्तविक त्या गृहस्थांना समजावणं हेच तर माझं काम होतं. मी आणखी दोन वाक्यं बोललोही, पण ती पाठ्यपुस्तकातली होती आणि ती ऐकून घरमालकांनी बायकोला आत जायला सांगितलं. शेवटी मी पोटली उपटली आणि घंटागाडी आली तेव्हा तिच्यात टाकून दिली. स्पोकही गेला. अमोनिया तीन पायांवर छान उभा राहिला. उलट जास्तच नेटका दिसायला लागला. घरमालकही खूश झाले.

डेमोच्या दिवशी सकाळी सरांनी नमुना हातात घेतला. वरच्या रिकाम्या भोकावर बोट ठेवलं.

"पोटली?"

"उंदरानं नेली, सर."

"गारखेड्याच्या उंदरानं?"

"हो."

सरांनी खिशातून कोनमापक अर्धा बाहेर काढला, माझ्याकडे बघितलं, आणि परत आत सरकवला. "बरं," एवढंच म्हणाले.

वर्गात अकरावीची मुलं. मागच्या बाकावर प्राचार्य, बाहेरून आलेले दोन परीक्षक आणि सर. मी दणक्यात सुरुवात केली. अमोनियाचा कोन एकशे सात का, तर त्याचा आकार पिरॅमिडसारखा म्हणून. आकार पिरॅमिडसारखा का, तर कोन एकशे सात म्हणून. हे मी इतक्या आत्मविश्वासानं म्हणालो की एका परीक्षकानं मान डोलावली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बजाजनगरहून बसनं यायची, वर्गात कधी बोलायची नाही.

"सर, वर तर सगळी जागा रिकामी हाय. मग हे तिघं खाली दाटीनं कशामुळं बसलेत? सपाट पसरून बसायचं ना ऐसपैस."

"छान प्रश्न," मी म्हणालो. ज्याला उत्तर येत नाही तो शिक्षक हेच म्हणतो. "वर एकाकी जोडी आहे. ती यांना खाली ढकलते."

"कुठंय ती?"

मी बोट दाखवलं.

ती पुढं आली, वाकून बघितलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, हितं भोक हाय. भोक ढकलतं का?"

वर्ग हसला. परीक्षकही हसले. मला माझे कान तापलेले कळत होते. "ते मानायचं असतं," असं मी पुटपुटलो, आणि त्याच क्षणी मला लख्ख दिसलं की या मुलीचं उत्तर माझ्या हातात होतं, माझ्या खिडकीत येऊन बसलं होतं, आणि मीच ते घंटागाडीत टाकलं होतं. बाबांचा येत्या रविवारचा फोनही दिसला.

मागून बाक वाजला. सर उठून पुढं आले. सरांचा देह चांगला ऐसपैस होता. पहिल्या बाकावर तीन मुलं आरामात पसरून बसली होती. "सरका," म्हणत सर त्या बाकाच्या टोकाला बसले. तिघं दुसऱ्या टोकाला दाबली गेली.

"आता सांगा. तिघं दाटीनं का बसले?"

"तुम्ही बसले म्हणून!"

"हौ. आता मी दिसत नाही असं समजा. दारातून कुणी बघितलं, त्याला फक्त हे तिघं दिसतात. तो म्हणेल, येडेच आहेत, एवढी जागा सोडून चिकटून बसलेत. पण मी आहे की नाही?"

"आहे सर!"

"अन् मी एवढी जागा का खातो? ही पोरं बघा. ह्यांना दोन बाजूंनी ओढतात, इकडून आई, तिकडून बाप. ती बारीकच राहणार. ज्याला एकाच बाजूनं धरलंय, तो सुटतो." सरांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "माझ्यासारखा."

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याचा बोळा केला, अमोनियाच्या भोकात खोचला आणि नमुना माझ्या हातात देऊन म्हणाले, "चालू द्या, सर." त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा मेडल म्हटलं नाही.

मी कायम झालो. लग्न झालं, बाबांचा रविवारचा प्रश्न सुटला. आणि हा प्रसंग मी पुढं अनेकांना सांगितला. माझ्या सांगण्यात बाकाची कल्पना माझी होती. मी सरांना म्हणालो, "सर, जरा पुढं या, मला एकाकी जोडी हवी आहे," आणि सर आले. लग्नाच्या पंगतीत, प्रशिक्षणात, बायकोसमोर, सगळीकडे हीच आवृत्ती. पुढं पुढं मलाही ती खरी वाटायला लागली. सर निवृत्त झाले, त्यांची कोनमापकाची खुळं आठवणीत राहिली आणि मी तो भाग दोन तासांत शिकवू लागलो.

यंदा कॉलेजात सगळ्यांची जुनी कागदपत्रं स्कॅन करायचं निघालं. आता विभागप्रमुख मीच, त्यामुळे माझीच फाइल माझ्यापुढे आली. तिच्यात सरांचा अभिप्राय होता. त्यांच्या तिरक्या अक्षरात चारच ओळी: "विषय पाठ आहे, कळलेला नाही. परंतु मुलीनं प्रश्न विचारल्यावर यांचे कान लाल झाले. कान लाल होणारा माणूस पुढं शिकू शकतो. घ्यावं."

मी तो कागद चार वेळा वाचला. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी या जागेसाठी योग्य होतो म्हणून बसलो. मला कानांवर घेतलं होतं. आणि वाईट याचं वाटलं की सरांनी "पुढं शिकू शकतो" म्हणून जो विश्वास टाकला होता, त्याचं मी काय केलं? दोन तासांत धडा संपवला.

त्याच संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. जुन्या शहरातल्या गल्लीतलं छोटं घर. सर खाटेवर गुडघ्याला तेल लावत बसले होते, त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या चाची, शिलाई मशिनवर. मी चहाची वाटही न बघता बोलून टाकलं. "सर, ती पोटली उंदरानं नेली नव्हती. मी घंटागाडीत टाकली. घरमालकांना समजावता आलं नाही म्हणून."

मशीन थांबलं. "उंदर?" चाची म्हणाल्या. "इन्होंने बी उंदर बोला था?" आणि हसत सुटल्या. त्यांनी मशिनखालचा बिस्किटांचा डबा ओढला आणि उघडून माझ्यापुढे धरला. आत पिवळ्या पोटल्याच पोटल्या. "हर साल सीती मैं, हर साल पोट्टे गुमाते. कोई बोलता बंदर, कोई बोलता छोटा भाई. उंदर तो हर साल रहताच है. अरे, अंदर मैं डांबर की गोली डालती. उसको उंदर सूंघता बी नहीं!"

मला तो वास आठवला. सरांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं तर.

"सर, मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलून काय? तुमचा डेमो होता. तुम्ही आधीच एवढे वाकलेले." सरांनी तेलाची बाटली बाजूला ठेवली आणि उशीखालून कोनमापक काढला. तोच. "ते जाऊ द्या. बसा. कोपरं टेका."

"आता?"

"आता म्हंजे? रोज शिकवता ना? अमोनिया."

मी चाचींच्या मशिनवर कोपरं टेकली, डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी हे कधीच केलं नव्हतं. मुलांकडून करून घेतलं नव्हतं, मग स्वतः कशाला करतोय. हात उघडत गेलो, बरोबर वाटलं तिथं थांबलो. कोपराला गार प्लास्टिक लागलं. नखाचा बारीक आवाज येत राहिला.

"एकशे अठरा," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "जवळजवळ सपाटच. एकशे वीस झाले की तिघं ऐसपैस सपाट. म्हंजे तुमच्या अमोनियाला अजून पोटली लागलेलीच नाही."

मी डोळे उघडले नाहीत. कान तापलेले कळत होते. या वयात.

चाचींनी डब्यातून एक पोटली निवडून स्पोकवर बसवली. सरांनी खाटेखालून अमोनिया काढला, चौथा स्पोक खोचला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "आठ दिवस न्या."

त्याला आता अकरा दिवस झालेत. अमोनिया आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे. येणारा-जाणारा विचारतो, आणि मी बाकाची गोष्ट सांगतो, आता जशी घडली तशी. अकरावीला मी या भागाचे दोनाचे किती तास करणार, ते वेळापत्रकवाल्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कोपरं टेकतो आणि माझी मुलगी तिचा शाळेचा कोनमापक लावते. पहिल्या दिवशी एकशे सोळा आला. मग एकशे तेरा. काल एकशे दहा. तिनं टाळ्या वाजवल्या, आणि मी लगेच सरांना फोन लावला. पूर्वी मेडलचं सांगायचो तसाच, अधीर होऊन.

"सर, एकशे दहा! तीनच अंश राहिलेत."

"राहू द्या अजून थोडे दिवस," सर म्हणाले. "गडबड करू नका. अन् उंदराकडं लक्ष ठेवा."